गौडा : पदाचे झाले आडनाव

१९९६ साली एच. डी. देवेगौडा भारताचे पंतप्रधान झाले आणि 'गौडा' हे नाव महाराष्ट्रातही घरोघर परिचित झाले. हे नाव ऐकताच मराठी वाचकांस गौड सारस्वतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तो 'गौड' शब्द प्रदेशवाचक होय. कन्नड 'गौडा' हा पदवाचक असून त्याचा जन्म गावाच्या कारभारातून झालेला आहे.

जुन्या कन्नड शिलालेखांत या शब्दाचे रूप 'गामुंड' असे आढळते. 'गाम' म्हणजे गाव. पुढे 'म'चा 'व' होऊन 'गावुंड' झाले आणि तेच झिजून 'गौड' उरले. आम्हां मराठी भाषकांना ही वाट परकी नाही. संस्कृत 'ग्राम' शब्दाचे प्राकृतात 'गाम' आणि मराठीत 'गाव' झाले ते याच वाटेने.

गावुंड हा गावचा प्रमुख. सारा गोळा करणे, तंटे मिटविणे, जमिनीच्या दानाला साक्षी राहणे ही त्याची कामे. एका गावाचा तो ऊर-गावुंड, अनेक गावांच्या समूहाचा तो नाड-गावुंड. शत्रूने गावची गुरे पळविली तर त्यांच्या रक्षणासाठी प्रथम धावून जाणाऱ्यांतही तो असे. अशा झुंजीत कामी आलेल्या गावुंडांचे वीरगळ कर्नाटकात आजही उभे आहेत.

हे पद केवळ पुरुषांचेच होते असेही नाही. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याच्या काळात, सुमारे ९११ साली, नागरखंड-सत्तर या सत्तर गावांच्या विभागाचा नाड-गावुंड नागार्जुन मरण पावला. त्याच्या जागी त्याची पत्नी जक्कियब्बे हिची नेमणूक झाली. बंदळिके येथील शिलालेख तिच्या कारभाराची प्रशंसा करतो. पुढे दुर्धर व्याधी जडल्यावर तिने अधिकार कन्येच्या हाती सोपविला आणि जैन व्रतानुसार देह ठेवला. अधिकार पेलावा कसा आणि वेळ येताच सोडावा कसा, हे दोन्ही तिला ठाऊक होते.

पद वंशपरंपरेने चालू लागले, तसे ते नावाला चिकटले. १५३७ साली बंगळूर वसविणारे यलहंकाचे नाडप्रभू केंपेगौडा यांच्या नावात ते आहेच. कालांतराने प्रत्यक्ष कारभार न पाहणारे भाऊबंदही 'गौडा' म्हणवू लागले. उत्तर कर्नाटकात तर नावाच्या शेवटी 'गौडा' आणि आडनाव 'पाटील', असे एकाच पदाचे कन्नड व मराठी शब्द एकाच माणसाच्या नावात शेजारी नांदताना दिसतात.

१९६१ च्या कायद्याने कर्नाटकातील वंशपरंपरागत ग्रामपदे रद्द ठरविली आणि १९६३ पासून त्याची अंमलबजावणी झाली. ते योग्यच झाले. जन्माने मिळालेला अधिकार पुष्कळदा जुलमाला वाट करून देतो. पद गेले, नाव मात्र राहिले.

वाचकहो, आपल्याकडील पाटील, देशमुख, कुलकर्णी या आडनावांचीही हीच कथा आहे. ही नावे मिरविण्यासाठी घडलेली नव्हती. गावाने कोणावर तरी भार टाकला, त्या भाराची ती नावे होत. वाडवडिलांचा मान आपण आनंदाने घेतो; त्या मानामागे गावाचे देणे होते, हे मुलाबाळांस सांगणेही आपलेच काम आहे, असे आम्हांस वाटते.