रायबंदरचा सेतू

पणजीतील पाटो मागे टाकून जुन्या गोव्याच्या वाटेस लागले, की डाव्या हातास मांडवीचे विस्तीर्ण पात्र आणि उजव्या हातास खाजणांचा सखल प्रदेश दिसू लागतो. मधून जाणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता रायबंदरला पोचतो. बसमधील उतारूंना तो इतर रस्त्यांसारखाच एक रस्ता वाटतो. वस्तुतः तो रस्ता नव्हे, सेतू आहे. आणि आज त्याचे वय चारशे वर्षांच्या घरात आले आहे.

सन १६२९ ते १६३५ या काळात लिन्यारिशचा उमराव दों मिगेल द नोरोन्या हा गोव्यात पोर्तुगालचा व्हाइसरॉय होता. तो काळ पोर्तुगीज सत्तेच्या भरभराटीचा नव्हता. डच आरमाराने तिचा समुद्री व्यापार खिळखिळा केला होता. १६३५ साली तर याच व्हाइसरॉयला जुने वैर सोडून सुरतेच्या इंग्रजांशी गोव्यात तह करावा लागला. अशा ओढगस्तीच्या दिवसांत, १६३२ ते १६३४ च्या सुमारास, हा सेतू उभा राहिला. राजधानी तेव्हा आजच्या जुन्या गोव्यात होती, आणि पणजी ही दलदलीने वेढलेली लहानशी वस्ती होती. सेतू झाल्यावर राजधानीतून नदीच्या मुखाकडे पायी वा घोड्यावरून जाण्याची सोय झाली.

काम सोपे नव्हते. खाली चिखल, भरतीला खारे पाणी आणि चहूकडे कांदळाचे रान. चिखलात कांदळाच्या लाकडाचे खुंट ठोकून त्यांवर पाया घातला, असे परंपरेने सांगतात. ऐकणाऱ्यास नवल वाटेल. परंतु लाकूड सदैव पाण्याखाली, हवेपासून दूर राहिले, तर ते शतकानुशतके टिकते. बांधकामाचा दगड म्हणजे गोव्याच्या भूमीतला जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून सहज घडवता येतो. मग हवा लागून तो कठीण होत जातो. दर्जा चुन्याचा. पाया किंचित खचला, तरी चुना सिमेंटासारखा एकदम तडकत नाही. आणि पाण्याला अडवून धरण्याऐवजी जागोजाग कमानी ठेवून त्याला जायला-यायला वाट दिलेली. खाऱ्या पाण्याला कोठे अडवावे आणि कोठे सोडावे, हे गोव्याच्या गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्यापूर्वीच खाजणांचे बांध व मानशी राखताना आत्मसात केले होते. दगड फोडणारे, चुना मळणारे, कमरेएवढ्या चिखलात उभे राहणारे हात याच भूमीतले होते. सेतूला नाव मात्र व्हाइसरॉयचे मिळाले.

पुढे इतिहासाने एक विलक्षण थट्टा केली. राजधानीच्या सोयीसाठी केलेल्या या वाटेने राजधानीच निघून गेली! रोगराईने जुने शहर ओस पडत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. जुन्या शहरातील पडक्या इमारतींचे दगडसुद्धा नव्या शहराच्या बांधकामास लागले. मागे राहिली ती मुख्यत्वे चर्चे. संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी, दरवर्षी ३ डिसेंबरच्या सुमारास, आजही याच सेतूवरून भाविकांची रीघ लागते.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतर पणजीजवळ मांडवीवर काँक्रीटचा नवा पूल बांधण्यात आला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. खाऱ्या हवेने त्याच्या आतील पोलादी तारांना गंज चढला होता. जवळच दगडी सेतू मात्र उभाच होता. यावरून जुने तेवढे चांगले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मांडवीचा खोल प्रवाह अशा लहान कमानींनी ओलांडता येत नाही. त्याला पोलादच हवे. त्याच नदीवर १९९२ साली आणि २०१९ साली मोठे पूल खुले झाले, तेही नव्या विद्येच्या बळावरच. बोध एवढाच, की खाऱ्या पाण्याचा स्वभाव ओळखून न बांधणाऱ्याला ते क्षमा करीत नाही.

आज या सेतूवर डांबर चढले आहे. घोडे आणि पालख्या यांसाठी केलेल्या वाटेवरून मोटारी व बसगाड्या धावतात. लगतची कित्येक मिठागरे ओस पडून त्यांत पुन्हा कांदळ वाढले आहे. परकी सत्तेची खूण म्हणून अशा वास्तूंकडे पाठ फिरविणारे आहेत, आणि परक्यांचे कौतुक करण्यासाठीच त्यांचे नाव घेणारेही आहेत. दोघांनाही त्या चिखलात उभ्या राहिलेल्या हातांचा विसर पडलेला असतो. ज्यांच्या पूर्वजांनी हा सेतू बांधला, त्यांच्याच हाती आता तो आहे. वाहनांचा भार आवरणे, कमानींतील गाळ काढणे आणि निखळलेल्या जांभ्याच्या जागी सिमेंट न थापता पुन्हा चुन्यातच जांभा बसविणे, एवढी निगा त्याला हवी. गतकाळाचे ऋण अशा साध्या कामांनीच फेडावयाचे असते.