म्हातारपणी कुठे राहायचं? बिठूरचा वाडा आणि धुळ्याच्या गल्ल्या



हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले की एक विषय हमखास निघतो. एक मुलगा सुरतला, एक पुण्याला. मालकांची नोकरी तरी संपली, नाहीतर शेतीत आता हात चालत नाहीत. मग जिजी हळूच विचारतात, "ताई, आते कथा जावानं?" मुलाकडे जायचं, गावातच राहायचं, की तालुक्याला दवाखान्याजवळ खोली घ्यायची? आणि जे परवडेल ते किती वर्षं परवडेल?

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. पुस्तकात राजे असतात, लढाया असतात. पण या प्रश्नाची एक मोठी गोष्टही त्यात आहे, आणि ती आपल्या खान्देशाच्या अगदी शिवेवर सुरू होते.

रावेर सोडलं की बऱ्हाणपूर लागतं आणि बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगड. सन १८१८ च्या उन्हाळ्यात दुसरे बाजीराव पेशवे पळून पळून थकले आणि या असीरगडाच्या बाजूला येऊन थांबले. पुण्याचं राज्य गेलेलं होतं. ३ जून १८१८ रोजी ते इंग्रजांच्या सर जॉन माल्कमच्या छावणीत दाखल झाले. राज्यावरचा हक्क स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने सोडला. बदल्यात ठरलं ते असं: दक्षिणेत राहायचं नाही, उत्तरेत काशीला किंवा सरकार ठरवील त्या पवित्र ठिकाणी जाऊन राहायचं. दर वर्षाला किमान आठ लाख रुपये पेन्शन मिळेल.

तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीसच्या आसपास. म्हणजे आजच्या हिशेबात नोकरीच्या मध्यावर रिटायर झालेला माणूस. मोठ्या तीर्थाच्या गावी राहावं अशी त्यांची इच्छा होती. सरकारला मात्र गर्दीच्या गावात पेशव्यांचा मुक्काम नको होता. शेवटी कानपूरजवळचं बिठूर ठरलं. गंगेचा काठ, ब्रह्मावर्त म्हणून पवित्र मानलेली जागा, गाव लहान. आपल्यापैकी कुणालाही आवडेल असं ठिकाण. वाडा झाला, देवधर्म चालू झाला. मागोमाग महाराष्ट्रातून आश्रित, भटजी, कारकून, नोकरचाकर, त्यांची बायकापोरं अशी हजारो माणसं गेली आणि तिथेच राहू लागली.

या माणसांकडे जरा नीट बघा. पेन्शन होती एकट्या बाजीरावांची. बाकी सगळे त्या पेन्शनच्या सावलीत बसलेले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे आधी काशीला होते, बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या आश्रयाला. तेही पेन्शनीवरच. चिमाजी अप्पा वारले आणि तांब्यांना काशी सोडून बिठूरला यावं लागलं. लहानग्या मनूचं बिठूरचं बालपण आपण शाळेत मोठ्या कौतुकाने वाचतो. पण एका घराची पेन्शन बंद पडली म्हणून ते बिऱ्हाड दुसऱ्या पेन्शनवाल्याच्या दारी गेलं होतं, हे मास्तर सांगत नाहीत.

बिठूरचा संसार तेहेतीसेक वर्षं चालला. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले. १८२७ साली त्यांनी दत्तक घेतलेले नानासाहेब वारस होते, घरात विधवा होत्या, दारात हजारो पोशिंदे होते. नानासाहेबांनी सरकारकडे अर्ज केला की पेन्शन बाजीरावांना आणि त्यांच्या कुटुंबाला होती, ती चालू ठेवा. गव्हर्नर जनरल डलहौसीने साफ नाही म्हटलं. त्याचं म्हणणं, पेन्शन त्या एका माणसाची, तो गेला, पेन्शन गेली. एवढ्या वर्षांत अडीच कोटींवर रुपये घेतले, मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता ठेवली, आता कुटुंबाचा काही हक्क नाही. नानासाहेबांनी अजीमुल्ला खान यांना थेट लंडनला पाठवलं. तिथेही नकारच मिळाला.

पुढे १८५७ चा उठाव झाला. नानासाहेब त्यात पुढे होते. इंग्रजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. घरातल्या बायका, त्यात बाजीरावांच्या विधवा आणि नानासाहेबांची पत्नी, नेपाळच्या आसऱ्याला गेल्या. तिथे जंगबहादूर राणाने त्यांना राहू दिलं. पेशव्यांचा प्रसिद्ध नौलखा हार त्यानेच विकत घेतला. आठ लाखांच्या पेन्शनीवर राहिलेल्या घराकडे शेवटी विकायला उरलं ते अंगावरचं सोनं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. मी मात्र तिथे नेहमी थबकते.

गंमत बघा, बाजीराव उत्तरेकडे गेले त्याच सुमाराला आपल्या खान्देशात उलटं घडत होतं. माणसं येऊन राहावीत म्हणून सरकार खटपट करत होतं. लढाया, पेंढाऱ्यांची लूट आणि दुष्काळ यांनी खान्देश ओसाड पडला होता. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणून धुळं निवडलं. तेव्हा धुळं म्हणजे पांझरेकाठचं, बागायतीने वेढलेलं लहान गाव. घरं चारशेच्या आसपास, माणसं अडीच हजार. तिथे कचेऱ्या बांधायच्या म्हणून लांबलांबून कारागीर आणले. व्यापारी-सावकारांना येऊन राहायला सांगितलं. पण नुसतं "या" म्हटल्याने कोण आपलं घर सोडून येतं? म्हणून ब्रिग्जने दोन गोष्टी केल्या. घर बांधायला जागा दिली ती बिनभाड्याची, आणि तीही कायमची. शिवाय पक्कं घर बांधायला उचल दिली, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. धुळ्याला बाजाराला गेलात की गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशा सरळ गल्ल्या लागतात ना, त्या नव्या धुळ्याची सुरुवात तिथली.

आता बिठूर आणि धुळं शेजारी ठेवून बघा. बिठूरला रक्कम डोळे दिपवणारी, पण एका माणसाच्या श्वासाला बांधलेली. धुळ्यात मिळाली नुसती मातीची जागा, पण ती मुलाला, नातवाला राहणारी. माझ्या मते परवडणारी जागा निवडायची तर आधी हेच बघावं. महिन्याला किती लागतात हे आपण सगळ्याच विचारतो. कर्ता माणूस गेल्यावर दुसऱ्या महिन्यात काय येईल आणि दार कुणाच्या नावाचं असेल, हे विचारायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे त्याला अभद्र बोलणं म्हणतात.

(फुकट मिळाली म्हणजे जागा चांगलीच, असंही नाही बरं का. १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यात घरादारांचं खूप नुकसान झालं. नदीकाठची स्वस्त जागा घेताना गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं, पाणी कुठवर आलं होतं.)

बायकांसाठी आपल्या समाजाने म्हातारपणाची एक जागा पूर्वीपासून ठरवून ठेवली होती, तीर्थक्षेत्राची. विधवा झाली की काशीवासाला जा, पंढरपूरला जा. अहिल्यादेवी होळकरांसारख्यांनी ठिकठिकाणी घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. त्यामुळे दोन घास मिळायचे, अंग टाकायला जागा मिळायची. काही जणी भक्तीने, आनंदाने गेल्या, हे खरं. पण कितीतरी जणींना घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून पाठवलं गेलं. भाऊ किंवा दीर पैसे पाठवील तोवर ठीक, पैसे थांबले की देवळाच्या पायरीवर बसणं आलं. हे जुनं झालं म्हणावं तर वृंदावनात सरकारला २०१८ साली एक हजार विधवांसाठी कृष्ण कुटीर बांधावं लागलं.

आणि क्वार्टर? भुसावळला रेल्वेत, वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकऱ्या केलेल्या घरांतल्या बायका आपल्या गटांत आहेत. तीस वर्षं ज्या ओट्यावर स्वयंपाक केला तो ओटा सरकारचा. रिटायर झाल्यावर किल्ली द्यायची. त्यातल्या त्यात एक बरं झालं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ पासून फॅमिली पेन्शन लागू झाली, म्हणजे नवरा गेल्यावर बायकोला हक्काने काही रक्कम मिळते. डलहौसीने बिठूरच्या बायकांना जे नाकारलं ते असं शंभरावर वर्षांनी कायद्यात आलं. मिलच्या आणि एमआयडीसीतल्या कामगारांना १९९५ ची भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन आहे. तिची किमान रक्कम हजार रुपये. हजारात काय होतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

घराचं म्हणाल तर तिथेही कायदा हळूहळूच आला. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण तो हयातीपुरता. तिने राहावं, खावं, आणि तिच्यामागे ते पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जावं. म्हणजे बाजीरावांची पेन्शनच, घराच्या रूपात! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती अट काढली आणि बाईच्या वाट्याला आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन चांदवडला झालं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली की शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी. अनेक गावांत लोकांनी तशी करूनही दिली. तुमच्या सासूबाईंच्या नावाचा सातबारा असेल तर तो त्या वेळचा आहे का, विचारून बघा.

आता आजचं बोलू. शेजारच्या गावातल्या एक जिजी, वय सत्तर. मुलगा सुरतला लूमवर. तो म्हणाला, गावचं घर विकू, इकडे फ्लॅटला पैसे भरू, तू आमच्याजवळ राहा. मुलगा चांगला आहे, उगाच त्याला नावं ठेवायची नाहीत. पण फ्लॅट कुणाच्या नावावर, हे जिजींनी विचारलं नव्हतं. गटातल्या बायांनी ते विचारायला लावलं. उत्तर आलं, त्याच्या आणि सूनबाईच्या. मग आम्ही सगळ्या जिजींच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला.

जिजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. त्या योजनेला महाराष्ट्राचा रहिवासी असण्याची अट आहे. कायमचं सुरतला जाऊन आधारवरचा पत्ता बदलला तर ते पैसे धोक्यात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर फुकट प्रवास, तोही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. उलट रेशनचं धान्य आता कार्डावर दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. सत्तर वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्डही योजनेतल्या कुठल्याही राज्यातल्या दवाखान्यात चालतं. म्हणजे काही कागद माणसाबरोबर चालतात, काही वेशीपाशी थांबतात. कुठे राहायचं ठरवण्याआधी आपला कुठला कागद कसा आहे ते बघायचं.

जिजींनी घर विकलं नाही. पुढची खोली अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना भाड्याने दिली, मागची स्वतःला ठेवली. थंडीचे दोन-तीन महिने मुलाकडे राहतात आणि पापड-कुरडयांच्या दिवसांत परत येतात. मुलगा थोडा नाराज झाला. आता फोनवर बोलतो नीट.

कुणी घर मुलाच्या नावावर करूनच देणार असेल तर एक लक्षात ठेवा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. बक्षीसपत्रात "मला सांभाळायचं, माझी देखभाल करायची" अशी अट लिहून घेतली असेल आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट तोंडी असली तर भांडण लांबतं, म्हणून कागदावरच हवी. पोटगीचा अर्जही तिथेच होतो. या कायद्यात दरमहा दहा हजारांपर्यंत पोटगी ठरवून देता येते. आईने मुलावर अर्ज करायचा, हे ऐकून तुमचं काळीज हलतं, माझंही हलतं. पण अट आधीच लिहिली असेल तर बहुतेक वेळा अर्जाची पाळी येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना चार कागद बरोबर आणा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शेत असेल तर सातबारा, मालकांच्या पेन्शनचा किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद, आणि बँकेचं पासबुक. उताऱ्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात, त्याचा अर्ज कसा लिहायचा ते मी आणते. पेन्शनच्या कागदावर जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, तेवढं घरी आधी बघून या. आधारवर एक नाव, पेन्शनीवर दुसरं, असं आपल्याकडे फार जणींचं आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, त्यात एखाद्या वेलांटीचा फरक. ते दुरुस्त करायला मालक हयात असताना एक फेरी लागते, नंतर दहा.