आंतरशीतक : इतिहास व निवड

आंतरशीतक : अंतर्ज्वलन-एंजिनात दाबून भरण्यात येणारी हवा सिलिंडरात शिरण्यापूर्वी थंड करणारे साधन. मोटारगाड्यांच्या व्यवहारात त्यास इंटरकूलर, तर रेल्वेच्या कर्मशाळांत आफ्टरकूलर म्हणतात. एंजिनाची शक्ती मुख्यत्वे सिलिंडरात किती वजनाची हवा जाते यावर अवलंबून असते. हवेचा दाब वाढविला तरी ती त्याच वेळी तापत असेल, तर अपेक्षित लाभ पदरात पडत नाही. ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांतून आंतरशीतकाचा विकास झाला.

तत्त्व : टर्बोचार्जरमध्ये एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक लहान टरबाइन फिरते व त्याच दंडावरील संपीडक बाहेरची हवा दाबून एंजिनास पुरवितो. संपीडनाने हवा तापते. उन्हाळ्यातील ४२° से. तापमानाची हवा वातावरणीय दाबाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७०% धरली, तर तिचे तापमान सु. १४०° से. होते. त्यामुळे तिची घनता दुप्पट न होता सु. दीडपटच होते. परिणामकारकता ७०% असलेल्या आंतरशीतकातून ती नेल्यास तापमान सु. ७०° से. पर्यंत उतरते व दाबात थोडी घट होऊनही घनता सु. पावणेदोनपट होते. पेट्रोल एंजिनात याचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. फार तापलेल्या मिश्रणाचा काही भाग अकाली पेट घेतो, एंजिनात खटखट होते आणि ती चालू राहिल्यास दट्ट्या वितळतो किंवा फुटतो.

इतिहास : स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी निष्कास वायूंवर चालणाऱ्या अतिभरणाचे एकस्व १९०५ मध्ये घेतले. जहाजांवरील डीझेल एंजिनांना व विमानांना हे तंत्र लागू झाले. दुसऱ्या महायुद्धात आंतरशीतकाच्या निवडीचे महत्त्व प्रकर्षाने दिसून आले. अमेरिकेच्या लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानात आंतरशीतक पंखांच्या पुढील कडेत बसविलेले होते. एंजिनांची शक्ती वाढत गेली, पण त्या जागेत शीतकाचा आकार वाढविता येत नव्हता. परिणामी उंचावर एंजिनाची पूर्ण शक्ती वापरता येईना. १९४३ मधील ‘जे’ प्रकारात आंतरशीतक एंजिनाखाली हलविण्यात आला. ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनाच्या दोन टप्प्यांच्या संपीडकास द्रवाने थंड होणारा आंतरशीतक जोडण्यात आला व अशा एंजिनाचे स्पिटफायर विमान १९४२ मध्ये वापरात आले.

महाराष्ट्रात हे साधन सर्वांच्या नजरेसमोर असूनही न दिसणारे राहिले. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात मनमाड हे मोठे प्रस्थानक आहे. तेथून दौंडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबई-भुसावळ या मुख्य मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावरही या शाखेवर दीर्घकाळ डीझेल एंजिने धावत होती; पुढे तिचेही विद्युतीकरण झाले. या एंजिनांपैकी डब्ल्यूडीएम-२ हा प्रकार १९६२ मध्ये अमेरिकेतून आला व १९६४ पासून वाराणसी येथे तयार होऊ लागला. त्यातील १६ सिलिंडरांचे एंजिन २,६०० अश्वशक्तीचे असून त्यास टर्बोचार्जर व पाण्याने थंड होणारा आफ्टरकूलर होता. पुढे सिलिंडरांची संख्या व आकार तेच ठेवून ही शक्ती ३,१०० अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे सु. १९% वाढविण्यात आली. त्यासाठी अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर, सुधारित दट्टे व इंधनपंप यांबरोबर मोठा आफ्टरकूलरही बसवावा लागला.

मोटारगाड्यांत पोर्श ९११ टर्बोला १९७८ च्या आवृत्तीत आंतरशीतक मिळाला. एंजिनाचा आकार ३ लिटरवरून ३·३ लिटर व शक्ती २६० वरून ३०० अश्वशक्ती झाली. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्र स्कॉर्पिओ गाडीच्या बॉनेटवरील झरोका हा आंतरशीतकाकडे हवा नेण्यासाठी होता.

निवड : मोठ्या शक्तीच्या गाडीसाठी आंतरशीतक निवडताना प्रथम हवेचा प्रवाह काढतात. ५०० अश्वशक्तीच्या पेट्रोल एंजिनास दर सेकंदास सु. ०·३८ किग्रॅ. हवा लागते. ती वरील उदाहरणाप्रमाणे ७०° से. नी थंड करावयाची, तर शीतकास सु. २७ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. दुसरी कसोटी दाबातील घटीची होय. अरुंद मार्गांचा शीतक हवा चांगली थंड करतो, परंतु तिला अडवितोही. गमावलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बोचार्जर अधिक वेगाने फिरवावा लागतो व हवा पुन्हा तापते. गाभ्याची जाडी वाढविण्यापेक्षा वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ वाढविणे सामान्यतः अधिक फलदायी ठरते, कारण जाड गाभ्याच्या मागील भागास आधीच तापलेला वारा मिळतो. तथापि शीतक व नळ्या यांचे घनफळ अवाजवी वाढल्यास दाब भरण्यास विलंब लागतो.

हवेने थंड होणारा शीतक साधा व हलका असतो, पण त्यास वाहता वारा लागतो. रेडिएटरपुढे बसविल्यास तो रेडिएटरकडे तापलेली हवा पाठवितो. एंजिनावर बसविल्यास नळ्या आखूड होतात, परंतु गाडी उभी असताना शीतक एंजिनाच्या उष्णतेनेच तापतो. पाण्याने थंड होणारा शीतक अडचणीच्या जागेत मावतो व थोड्या वेळाचा जोर चांगला पेलतो. मात्र त्याला पंप व वेगळा रेडिएटर लागतो आणि दीर्घ चढावर पाणी तापले की त्याचा लाभ घटतो.

थंड हवामानाच्या देशांतील आकडे येथे जसेच्या तसे घेणे धोक्याचे असते. शीतक बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. त्यामुळे नांदगावसारख्या कोरड्या, तप्त भागात १५° से. ऐवजी ४२° से. तापमान धरूनच हिशोब करावा लागतो. पत्र्यांत साचणारी धूळही लक्षात घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या दुपारी, चढावर, पूर्ण भाराखाली सिलिंडरात जाणाऱ्या हवेचे तापमान मोजणे हीच निवडीची खरी परीक्षा होय.