पेशीतला राखणदार आणि जिंझू नदीकाठच्या बायका

आजच्या भागात आम्ही जपानमधल्या एका नदीची गोष्ट सांगणार आहोत. ती तिथल्या बायकांची आहे, आणि आपल्या प्रत्येकीच्या शरीरात बसलेल्या एका राखणदाराचीही आहे.

जपानच्या तोयामा भागातून जिंझू नदी वाहते. वरच्या अंगाला डोंगरात कामिओका नावाची मोठी खाण होती. तिथे जस्त काढत. जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा विषारी धातू मिसळलेला असतो. खाणीचं सांडपाणी नदीत आलं, नदीचं पाणी भातखाचरात गेलं आणि खाचरातून कॅडमियम तांदळात उतरलं. त्याला ना चव, ना वास. कळणार कसं?

गावातल्या बायकांची आधी कंबर दुखू लागली, मग मांड्या, मग चालणंच बंद. हाडं इतकी खिळखिळी झाली की खोकला आला तरी बरगडी मोडावी. त्या ‘इताई, इताई’ असं कण्हायच्या, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. 1955 मध्ये आजाराला तेच नाव पडलं. आजारी पडलेल्या बहुतेक जणी पाळी गेलेल्या वयाच्या, कित्येक बाळंतपणं झालेल्या, शेतात राबणाऱ्या. खाणं कमी आणि कष्ट जास्त, म्हणून असं होतं, असं आधी सांगितलं गेलं. गावातले डॉक्टर नोबोरू हागिनो यांना ते पटलं नाही. दोष खाणीच्या पाण्याचा आहे, असं त्यांनी 1957 मध्ये उघडपणे मांडलं.

योगायोग बघा. त्याच 1957 साली अमेरिकेत मार्विन मार्गोशेस आणि बर्ट व्हॅली या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारं एक प्रथिन सापडलं. 1960 मध्ये त्याला मेटॅलोथायोनीन हे नाव मिळालं. मेटल म्हणजे धातू, थायो म्हणजे गंधक. पुढे ते माणसाच्या शरीरातही सापडलं.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. ही माळ छोटी, साठ-बासष्ट मण्यांची. पण त्यातले वीस मणी गंधकवाले. गंधक आणि धातू यांचं चांगलं जमतं. चांदीचे पैंजण काळे पडतात तेही गंधकामुळेच. एका माळेत जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात कण अडकून बसतात. एरवी ही माळ शरीरातलं जस्त आणि तांबं सांभाळते. विषारी धातू आत शिरला की पेशी भराभर जास्त माळा तयार करते.

हीच माळ किरणोत्सर्गातही कामी येते. असे किरण पेशीतल्या पाण्यावर पडले की काही अतिशय उग्र कण तयार होतात आणि पेशीला इजा करतात. गंधकाचे मणी त्यांचा मारा स्वतःवर झेलतात. 1987 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की उंदरांना आधी काही धातू देऊन ही माळ वाढवली, तर किरणांच्या माऱ्यातून जास्त उंदीर वाचतात. पण हे उंदरांवरचे प्रयोग आहेत. ते ऐकून कुणी मनाने जस्ताच्या गोळ्या घेऊ नयेत.

मग या राखणदाराने जिंझूकाठच्या बायकांना का वाचवलं नाही? कारण तो विष बांधून ठेवतो, बाहेर हाकलत नाही. बांधलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ साठून राहतं. रोजच्या भातातून भर पडत गेली आणि एक दिवस कोठार भरलं. मूत्रपिंड बिघडलं, हाडांना लागणारे क्षार लघवीवाटे जाऊ लागले. त्यात अंगात लोह कमी असलं की आतडी कॅडमियम जास्त ओढून घेतात. म्हणून बाईचं शरीर आधी अडचणीत येतं.

1968 मध्ये जपान सरकारने मान्य केलं की हा आजार खाणीच्या प्रदूषणातून आला. त्याच वर्षी गावकऱ्यांनी मित्सुई कंपनीवर खटला भरला. 1971 मध्ये ते जिंकले आणि 1972 मध्ये अपिलातही जिंकले. पण त्यांनी केवळ भरपाईवर समाधान मानलं नाही. खाणीत जाऊन स्वतः तपासणी करण्याचा हक्क त्यांनी लिहून घेतला. शेतातली माती बदलण्याचं काम पुढे 2012 पर्यंत चाललं.

आपल्यासाठी यात काय आहे? तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात ओढून घेतं, म्हणून मिसरी आणि तंबाखू सोडण्याचं हे आणखी एक कारण. रक्त तपासून घ्या आणि लोह कमी असेल तर औषध पूर्ण करा. जुन्या बॅटऱ्या उकिरड्यात टाकू नका, जाळू नका. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा: आपल्या विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला काय काय आहे, त्याची यादी करून वहीत लिहा. आतला राखणदार आपलं काम करतोच आहे. त्याच्यावर किती भार पडू द्यायचा, ते मात्र आपण बाहेरून बघायचं.