तंत्रिका तंत्र

शरीराच्या आतील व बाहेरील बदलांची दखल घेऊन स्नायू आणि ग्रंथी यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा. मेंदू व मेरुरज्जू हा तिचा मध्यवर्ती भाग असून, मेंदूशी निगडित 12 आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 तंत्रिका-जोड्या त्याला इतर अवयवांशी जोडतात. हृदय, आतडी इत्यादींचे नियमन करणारा स्वायत्त भाग इच्छेच्या ताब्यात नसतो.

या रचनेचा दारुण प्रत्यय 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये आला. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू डोळ्यांना भिडताच तेथील दाहाची संवेदना त्रिमूल तंत्रिकेतून, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेतून, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्क स्तंभात पोहोचे आणि विचाराला अवसर न मिळता पापण्या मिटून अश्रू वाहू लागत. श्वासमार्गातील संवेदना प्राणेशा तंत्रिकेतून जाऊन खोकला उसळे. अशा आपोआप घडणाऱ्या प्रतिसादास प्रतिक्षेपी क्रिया म्हणतात. ती मूलतः संरक्षक खरी, पण तिचे बळ तोकडे होते : धावणाऱ्यांचा श्वसनवेग वाढल्याने वायू फुप्फुसांत अधिकच शिरला.