पूर्वज्ञान, ईश्वरी प्रेरणा आणि संहितेचा काळ : दानीएलच्या ग्रंथाविषयीचा वाद

१

धर्मग्रंथ ईश्वरप्रेरित आहे, या विधानात दोन स्वतंत्र दावे एकत्र आलेले असतात. पहिला दावा शब्दाच्या उगमाविषयीचा : लेखणी माणसाची असली तरी वाणी ईश्वराची आहे. दुसरा दावा ज्ञानाविषयीचा : या वाणीला माणसाला अगम्य असलेल्या, विशेषतः अद्याप न घडलेल्या गोष्टींचे ज्ञान आहे. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रासाठी 'ईश्वराच्या श्वासातून आलेले' अशा अर्थाचे एक ग्रीक विशेषण योजलेले आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात भविष्यकथन मानवी इच्छेतून उद्भवत नाही असे प्रतिपादन आहे. या दोन्ही ठिकाणी भर उगमावर आहे. परंतु उगम तपासून पाहता येत नाही. ज्ञान तपासता येते. म्हणूनच जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात खरा संदेष्टा ओळखण्याची कसोटी सांगताना, त्याचे म्हणणे प्रत्यक्षात उतरते की नाही हे पाहावे, असे म्हटले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने ख्रिस्ती मताचे समर्थन करताना भाकितांच्या पूर्तीलाच सर्वांत बलवान पुरावा मानले, ते याच तर्काला धरून. पूर्वज्ञान हे अशा रीतीने प्रेरणेचे प्रमाण ठरले.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या संकल्पनेसाठी 'भविष्यवादी' आणि 'संदेष्टा' असे दोन्ही शब्द आढळतात. पहिल्या शब्दात ज्ञानाचा दावा प्रधान आहे, दुसऱ्यात उगमाचा. हे दोन दावे परस्परांवर कितपत अवलंबून आहेत, आणि एक कोसळल्यास दुसरा टिकतो का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी ज्या संहितेवरून हा वाद सर्वाधिक काळ आणि सर्वाधिक तीव्रतेने झाला, ती दानीएलची संहिता येथे विचारात घेतली आहे.

२

दानीएलचा ग्रंथ आपली पार्श्वभूमी इ.स.पू. सहाव्या शतकातील बॅबिलोनची असल्याचे सांगतो. पहिल्या सहा अध्यायांत परक्या राजदरबारी राहिलेल्या ज्यू तरुणांच्या कथा आहेत. उरलेल्या सहांत दानीएलने प्रथमपुरुषी निवेदनातून सांगितलेले दृष्टान्त आहेत. संहितेचा आरंभ आणि शेवट हिब्रूत आहे, तर दुसऱ्या अध्यायातील चौथ्या वचनापासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंतचा भाग अरामी भाषेत आहे. हिब्रू बायबलच्या रचनेत हा ग्रंथ संदेष्ट्यांच्या विभागात न येता 'लेख' या तिसऱ्या विभागात येतो. ख्रिस्ती जुन्या करारात मात्र तो यहेज्केलनंतर संदेष्ट्यांच्या पंक्तीत बसवलेला आहे. ग्रंथाचे स्थान बदलले की त्याच्याकडून असलेली वाचकाची अपेक्षाही बदलते, ही गोष्ट येथे दुर्लक्षिण्यासारखी नाही.

वादाच्या केंद्रस्थानी आहे तो अकरावा अध्याय. त्यात उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा यांच्यातील युद्धे, विवाहसंबंध, विश्वासघात आणि पराभव भविष्यकाळी सांगितले आहेत. एकाही राजाचे नाव घेतलेले नाही. तरीही अलेक्झांडरनंतरच्या टॉलेमी आणि सेल्युकी घराण्यांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला प्रत्येक राजा ओळखता येतो. अँटायोकस चौथा एपिफनीझ (राज्यकाल इ.स.पू. १७५–१६४) याच्यापाशी कथन येते तेव्हा त्याची गती मंदावते आणि तपशील दाट होतो. त्याच्या इजिप्तवरील स्वाऱ्या आणि यरुशलेमच्या मंदिराची इ.स.पू. १६७ मधील विटंबना यांचे वर्णन समकालीन वृत्तांतासारखे आहे. मात्र चाळिसाव्या वचनापासून चित्र बदलते. हा राजा इजिप्तवर पुन्हा चाल करील आणि समुद्र व पवित्र पर्वत यांच्या दरम्यान तळ देऊन तेथेच संपेल, असे तेथे सुचवलेले आहे. प्रत्यक्षात अँटायोकस इ.स.पू. १६४ मध्ये दूर पर्शियाच्या मोहिमेवर असताना मरण पावला.

३

या संहितेचा पहिला पद्धतशीर चिकित्सक म्हणजे पॉर्फिरी. तिसऱ्या शतकातील टायर नगरीचा हा तत्त्वज्ञ, प्लोटायनसचा शिष्य. त्याने ख्रिस्ती मताविरुद्ध पंधरा खंडांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातील बारावा खंड दानीएलसाठी राखून ठेवला. त्याचे म्हणणे असे : हा ग्रंथ सहाव्या शतकातील दानीएलचा नाही, अँटायोकसच्या काळात यहूदियात राहणाऱ्या कोणा लेखकाचा आहे. त्याने पुढे घडणारे सांगितलेले नाही, घडून गेलेले कथन केले आहे. अँटायोकसपर्यंतचा भाग खरा इतिहास आहे. त्यापुढचे जे काही आहे ते खोटे ठरते, कारण त्या लेखकाला भविष्य माहीत असणे शक्य नव्हते.

हे मत केवळ बुद्धिवादी पूर्वग्रहातून आले, असा आक्षेप पुढील काळात वारंवार घेतला गेला. चमत्कार अशक्य आहे असे आधीच ठरवून टाकल्यामुळे ग्रंथाचा काळ खाली ओढावा लागला, असा या आक्षेपाचा आशय असतो. निदान पॉर्फिरीला तो लागू पडत नाही. पॉर्फिरीने देववाणींतून तत्त्वज्ञान काढून दाखवणारा एक स्वतंत्र ग्रंथ रचलेला होता. दैवी सूचना माणसापर्यंत पोहोचू शकतात हे त्याला मान्य होते. सर्वच भाकिते असंभव आहेत असे म्हणणारा हा माणूस नव्हे. त्याच्या युक्तिवादाचे बळ संहितेच्या पोतात आहे : अचूकता कोठे वाढते आणि कोठे सुटते, याच्या निरीक्षणात. आधुनिक अभ्यासकांनी ही सीमा चाळिसाव्या वचनापाशी निश्चित केली. स्वतः पॉर्फिरीने ती वचनेही अँटायोकसच्या अखेरच्या मोहिमांशी जुळवण्याचा प्रयत्न केला होता. नियम त्याचा, परंतु त्याचे काटेकोर उपयोजन उत्तरकालीन आहे.

पॉर्फिरीचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. इ.स. ४४८ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस आणि तिसरा व्हॅलेंटिनियन यांच्या आज्ञेने तो जाळण्याचा आदेश निघाला. दानीएलविषयीचे त्याचे युक्तिवाद आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः त्याच्या विरोधकाच्या, म्हणजे जेरोमच्या, लेखणीतून.

४

जेरोमने बेथलेहेम येथे इ.स. ४०७ मध्ये दानीएलवरील भाष्य पूर्ण केले. त्याच्यापूर्वी युसिबियस, अपॉलिनेरियस आणि मेथोडियस यांनी पॉर्फिरीला उत्तरे दिली होती. जेरोमच्या उत्तराची तऱ्हा मात्र लक्षणीय आहे. पॉर्फिरीने ग्रीक इतिहासकारांच्या आधारे अकराव्या अध्यायाची जी ओळ-ओळ उकल केली, ती जेरोम बहुतांशी स्वीकारतो. एकविसाव्या वचनापर्यंत आपल्यात आणि त्याच्यात वाद नाही, हे तो मोकळेपणाने नोंदवतो. त्यापुढचे वर्णन अँटायोकसचे असले तरी तो येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाचा केवळ पूर्वसंकेत आहे, असे त्याचे म्हणणे. प्रस्तावनेत तर तो शत्रूचे शस्त्रच उलटवतो : दानीएलचे सांगणे इतके तंतोतंत आहे की अविश्वासूंना ते भूतकाळाचे कथन वाटावे, हीच त्याच्या सत्यतेची साक्ष.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. दोन्ही वाचकांसमोर एकच संहिता आहे, एकच इतिहास आहे आणि त्यांच्यातील जुळणीचे आकलनही जवळपास एकच आहे. एकाला ती जुळणी उत्तरकालीन रचनेचा पुरावा वाटते, दुसऱ्याला ईश्वरी पूर्वज्ञानाचा. म्हणजे जुळणी स्वतः काहीच सिद्ध करत नाही. निर्णायक ठरते ती जुळणी तुटण्याची जागा, आणि नेमकी तेथेच जेरोम अर्थनिर्णयनाची पातळी बदलतो. अँटायोकसच्या बाबतीत जे खरे ठरले नाही ते ख्रिस्तविरोधकाच्या बाबतीत अजून व्हायचे आहे, असे म्हटले की कोणतेही भाकीत असत्य ठरू शकत नाही. 'अनुवाद'ने घालून दिलेली कसोटी अशा वेळी निरर्थक होते. भाकिताचे रक्षण होते, परंतु ज्या पुराव्यासाठी ते हवे होते तो पुरावाच हातातून जातो.

याच भाष्यात भाषाशास्त्रीय चिकित्सेचाही एक नमुना आहे. ग्रीक दानीएलमध्ये असलेल्या सुसान्नेच्या कथेत दोन झाडांच्या नावांवर श्लेष आहे : 'स्खिनोस'वरून चिरणे आणि 'प्रिनोस'वरून करवतणे. हे श्लेष ग्रीकमध्येच संभवतात, म्हणून कथा मूळ हिब्रू नव्हे, असे तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानसने ओरिजेनला कळवले होते. पॉर्फिरीने हाच मुद्दा संपूर्ण ग्रंथाविरुद्ध वापरला. जेरोमने सुसान्नेची कथा हिब्रू पाठात नाही असे दाखवून तो परतवला. श्रद्धेच्या रक्षणासाठीही पाठचिकित्सा करावी लागली, हे या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

५

प्रेरणेच्या सिद्धान्ताचा दुसरा पेच लेखकाच्या जाणिवेविषयीचा आहे. संदेष्टा जे बोलतो ते त्याला कळते का? अलेक्झांड्रियाच्या फिलोने दैवी आवेशात मानवी बुद्धी दूर सरते असे मानले. दुसऱ्या शतकात फ्रिजियातील माँटॅनसच्या पंथाने माणसाला वीणेची उपमा दिली : वाजवणारा ईश्वर, माणूस केवळ वाद्य. मुख्य प्रवाहातील चर्चने हा पंथ नाकारला, आणि जेरोमनेही संदेष्टे भान हरपून बोलत नव्हते, त्यांना आपल्या शब्दांचा अर्थ कळत होता, असे आग्रहाने सांगितले. पण दानीएलच्या बाराव्या अध्यायात निवेदक स्वतःच, आपण ऐकले पण समजले नाही, असे म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातही संदेष्टे आपल्याच भाकितांचा काळ शोधत होते, असा उल्लेख आहे. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ यांच्यातील अंतराचा प्रश्न विसाव्या शतकातील समीक्षेने नव्याने मांडला खरा. ख्रिस्ती भाष्यपरंपरा त्याच्याशी आरंभापासून झुंजत होती.

न्यूटनने याला एक वेगळे वळण दिले. दानीएल आणि प्रकटीकरण यांवरील त्याचा ग्रंथ १७३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. भाकिते माणसांना भविष्य आधी कळावे म्हणून दिलेली नाहीत. घटना घडून गेल्यावर त्यांच्या प्रकाशात अर्थ लागावा म्हणून दिलेली आहेत, असे त्याचे मत होते. म्हणजे भाकिताचा अर्थ नेहमी पश्चात् येतो. पॉर्फिरीने ज्याला लेखनाचा काळ म्हटले, त्याला न्यूटन वाचनाचा काळ म्हणतो, असे म्हणता येईल.

६

अठराव्या शतकात अँथनी कॉलिन्सने पॉर्फिरीचे मत इंग्लंडमध्ये पुन्हा चर्चेत आणले. १८६४ मध्ये ऑक्सफर्डमधील हिब्रूचे प्राध्यापक एडवर्ड पुसी यांनी दानीएलवरील व्याख्याने प्रसिद्ध केली. त्यांच्या मते येथे मधला मार्ग संभवत नाही : ग्रंथ एक तर दैवी आहे किंवा फसवणूक आहे. पुसींच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये त्यांच्याच पीठावर आलेले सॅम्युएल ड्रायव्हर यांनी १९०० मधील भाष्यात मक्काबी काळ स्वीकारला, आणि तरीही ग्रंथाचे धार्मिक मूल्य नाकारले नाही. एकाच अध्यासनावरील दोन विद्वानांमधील हा फरक प्रेरणेच्या संकल्पनेत घडलेल्या स्थित्यंतराचा निदर्शक आहे.

या स्थित्यंतराला वाङ्मयप्रकाराच्या जाणिवेने बळ दिले. ए. के. ग्रेसन यांनी १९७५ मध्ये प्रकाशित केलेल्या एका बॅबिलोनी मृत्पट्टिकेत अनाम राजांचा घडून गेलेला इतिहास भविष्यकाळी क्रियापदांत सांगितलेला आढळतो. आपल्या वाचकांना ही रीत अपरिचित नाही. मत्स्य, वायू, विष्णू आदी पुराणांतील कलियुगीन राजवंशही 'होतील', 'राज्य करतील' अशा भाषेत येतात. पार्जिटर यांनी १९१३ मध्ये त्यांचा पाठ संपादित करताना, याद्या गुप्तांच्या आरंभापाशी थांबतात यावरून संकलनाचा काळ अनुमानिला. त्यामागचे तत्त्व पॉर्फिरीचेच आहे.

परंतु 'हा एक वाङ्मयप्रकार होता' एवढे म्हणून पुसींचा पेच सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथ अखेरपर्यंत मुद्रांकित ठेवण्याची आज्ञा बाराव्या अध्यायात आहे. इतका जुना ग्रंथ आजवर अज्ञात का होता, या संभाव्य शंकेचे ते उत्तर आहे. आपल्या प्राचीनतेवर वाचकाने विश्वास ठेवावा, असे संहितेला हवे आहे, आणि तो विश्वास तिला मिळाला. कुमरान येथे सापडलेल्या दानीएलच्या आठ हस्तलिखितांपैकी सर्वांत जुने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे आहे. तेथील आणखी एका लेखात दानीएलला संदेष्टा म्हटले आहे. छळाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांना मृतांच्या पुनरुत्थानाचे आश्वासन ज्या अधिकाराने दिले गेले, तो अधिकार उसना होता. संकेत म्हणून त्याचे स्पष्टीकरण देता येते; पण ज्यांनी त्या आश्वासनावर प्राण दिले त्यांना तो संकेत ठाऊक होता, असे गृहीत धरता येत नाही.

तरीही संहितेतच या पेचातून पाहण्याची एक वेगळी दिशा आहे. नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचा ग्रंथ वाचत बसलेला दिसतो. यिर्मयाने सांगितलेली सत्तर वर्षे सरली, पण मुक्ती पूर्ण झाली नाही; तेव्हा देवदूत त्या सत्तर वर्षांचा अर्थ सत्तर सप्तके असा उलगडून देतो. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस १२९० आणि १३३५ असे दिवसांचे दोन आकडे लागोपाठ येतात. पहिली मुदत टळल्यावर दुसरी जोडली गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. चुकलेले भाकीत येथे पुसून टाकलेले नाही. त्याच्या शेजारी नवे वाचन ठेवले आहे. प्रेरणेचे स्थान या संहितेत तरी पूर्वज्ञानापेक्षा पुनर्वाचनात अधिक दिसते. पूर्वज्ञानाचा दावा इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही, हे पॉर्फिरीने दाखवले. त्या दाव्याविना ग्रंथाचे काय उरते, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि जेरोमला तो विचारणे परवडणारे नव्हते. समीक्षेने मात्र तो विचारला पाहिजे, आणि विचारताना त्या उसन्या अधिकाराची किंमत कोणी मोजली हेही विसरता कामा नये.