दुकान आहे, पण यादीत आहे का? परभणीचा बाजार आणि साधनचिकित्सा

समजा 2050 मध्ये कुणी परभणी जिल्ह्यातल्या किरकोळ व्यापारावर पीएचडी करायला घेतली. आजच्या दुकानांची यादी त्याला कुठं मिळेल? चटकन सुचतं ते गुगल मॅप्स. पण थांबा. कुठलंही साधन हातात घेताना आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ही नोंद केली कुणी आणि कशासाठी?

थोडं मागं जाऊ. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कारभार उर्दूत चाले. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली आणि सेलू, परभणी, पूर्णा ही गावं रुळावर आली. या काळातला बाजार आपल्याला मुख्यतः सरकारी कागदांत भेटतो. पुढे महाराष्ट्र सरकारच्या जिल्हा गॅझेटियरांतही तसंच: कुठं बाजारपेठ, कुठं आठवडी बाजार. म्हणजे नोंद सरकारची आणि ती गावाची. एकेका दुकानाची नाही.

मग टेलिफोन डिरेक्टरी आली. फोन असेल तर नाव पुस्तकात, नसेल तर नाही. 1996 मध्ये मुंबईत जस्टडायल सुरू झालं. फोन करून दुकानाचा पत्ता विचारायची सोय झाली. इथं नोंद कंपनीची.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यासमोरचा. 2014 मध्ये गुगल माय बिझनेस आलं, 2021 मध्ये त्याचं नाव गुगल बिझनेस प्रोफाइल झालं. आता दुकानदार स्वतःच नाव, वेळ, फोटो, व्यवसायाचा प्रकार भरतो. गुगलच्या सांगण्यानुसार स्थानिक यादीतला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही. म्हणून नेमका प्रकार निवडणं, वेळा बरोबर ठेवणं, गिऱ्हाइकांकडून रिव्ह्यू मिळवणं याला महत्त्व आलं.

धंद्याच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. पण संशोधक म्हणून याचा अर्थ काय? ही यादी बाजाराची खानेसुमारी नाही. दिसण्यासाठी कुणी किती खटपट केली, त्याची ती नोंद आहे. शनिवारच्या बाजारात पाल टाकून बसणारी भाजीवाली किंवा रस्त्याच्या कडेचा चांभार तिथं सहसा सापडत नाही.

दुसरी अडचण स्पेलिंगची. इंग्रजीत सेलू कधी ‘सैलू’ होतं, मानवतच्या शेवटी ‘एच’ कधी असतो, कधी नसतो. एकाच स्पेलिंगनं शोधलंत तर निम्मा बाजार हातचा जाईल. देवनागरीतही शोधा.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. जुनी डिरेक्टरी रद्दीत गेली तरी एखादी प्रत कुठंतरी उरते. प्रोफाइलमध्ये मात्र नवा पत्ता जुन्याच्या जागी बसतो. दुकान कधी हललं, नाव कधी बदललं, हे बाहेरच्याला कळत नाही.

सरकारी नोंदणीवरही पूर्ण विसंबू नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. छोटं दुकान इथंही पुसट.

मग करायचं काय? एक छोटा सराव करून बघा. परभणीचा स्टेशन रोड घ्या, किंवा तुमच्या तालुक्यातली एक गल्ली. एका दिवशी चालत जाऊन प्रत्येक दुकान आणि हातगाडा वहीत लिहा. त्याच दिवशी त्या भागाची ऑनलाइन यादी उतरवा, स्क्रीनशॉट घ्या, तारीख टाका. मग दोन्ही शेजारी ठेवा. वहीत आहे पण यादीत नाही, असं कोण कोण निघालं? भाषेमुळं, भांडवलामुळं, की गिऱ्हाईक ओळखीचंच असल्यामुळं त्यांना गरजच वाटली नाही म्हणून?

तुमचा संशोधनप्रश्न त्या फरकात आहे. आणि तारीख टाकलेली ती वही 2050 च्या त्या विद्यार्थ्यासाठी गुगलइतकंच मोलाचं साधन असेल.